बुटकीचं माप

माझा दादा कमरेवर हात ठेवून उभा राहतो. बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, लग्नाच्या फोटोत, कुठंही. कोपरं बाहेर, छाती पुढे, भार डाव्या पायावर. उंचीनं तो माझ्याएवढाच, म्हणजे बेताचाच, त्यामुळे लांबून पाहिलं तर कुणी दोन कानांचं भांडं पालथं ठेवलंय असं वाटतं. हे मी त्याला पुष्कळदा ऐकवलंय. तो म्हणतो, "बाबा असेच उभे राहायचे."

बाबा कसे उभे राहायचे हे आम्हाला फोटोवरून ठाऊक. फोटो एकच. बाहेरच्या खोलीत, भिंतीच्या बरोबर मध्यावर. अगदी बाजूनं काढलेलं एक छोटंसं काळं वाफेचं इंजिन, पाठीवर खोगीर घातल्यासारखी पाण्याची टाकी, आणि इंजिनाला खेटून उभा एक माणूस. टोपीची सावली पार मिशांपर्यंत उतरलेली. हात कमरेवर. दादानं मिशाही तशाच राखल्यात.

इंजिन दगडखाणीतलं. खाणीपासून खडी फोडायच्या गिरणीपर्यंत नॅरोगेजची एक लहानशी लाइन होती. इंजिन इतकं ठेंगणं की कामगार त्याला बुटकी म्हणायचे. बाबा बुटकीचे ड्रायव्हर. मी पोटात असताना आणि दादा भिंतीला धरून चालायच्या वयाचा असताना खाणीचा कडा खचला आणि बाबांसकट बुटकी पाण्यात गेली. पाणी खोल होतं. इंजिन काढलं नाही, बाबाही सापडले नाहीत. पुढे खाण बंद पडली आणि पाणी तेवढं राहिलं.

म्हणून आमच्याकडे बाबांच्या म्हणून दोनच गोष्टी. हा फोटो आणि दाराआडच्या खुंटीवरचा कोट. आई बटणं लावत होती म्हणून कोट त्या दिवशी घरी होता. पुढे तो मी रंगकामाला वापरू लागले. कोपरांवर रंगाचे शिंतोडे पडलेत, पण अंगात असा बसतो की शिंप्यानं माझंच माप घेतलं असावं.

रंगकाम म्हणजे भिंतींचं नव्हे. दादा रेल्वेची मॉडेलं करतो आणि मी त्या रेल्वेतली माणसं करते. नखाएवढे हमाल, तांदळाएवढ्या मुली. दादाच्या हौशी मंडळात हे काम दुसऱ्या कुणाला जमत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष यंत्रांकडे. माणसं त्यांना नुसती अडचण वाटतात. मंडळात एक दातांचे डॉक्टर आहेत. ते दवाखान्यातली बारीक ड्रिलं इंजिनांच्या कामाला आणतात. उलटंही होतं का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

या मंडळाचं एक कायमचं दुःख आहे. मोठ्या कंपन्या मॉडेलं काढतात ती मोठ्या, नावाजलेल्या इंजिनांची, तीच ती, दर वर्षी नव्या रंगात. खाणीतली, वीटभट्टीवरची, उसाच्या शेतातली छोटी इंजिनं कुणी काढत नाही. मग वर्षाच्या शेवटच्या बैठकीत सगळे जमून, कुणी काढायला हवं होतं अशा इंजिनांची नावं घेतात. न जन्मलेल्या पोरांची बारशी करावीत तसा प्रकार. दादा दर वर्षी एकच नाव घ्यायचा. आणि त्याच्या मागच्या खोलीतल्या टेबलावरच्या रेल्वेत एक लाइन बुटकीसाठी राखून ठेवलेली. प्लॅस्टरच्या डोंगरातल्या बोगद्यातून जाणारी, पलीकडे खाणीच्या पाण्यापाशी संपणारी. त्या लाइनीवर दुसरं इंजिन चालवायचं नाही, असा त्याचा नियम.

आता, न वापरलेले रूळ काळे पडतात. मॉडेलांचेसुद्धा. हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण बुटकीच्या लाइनीचे रूळ कायम लख्ख. मला वाटायचं दादा पुसतो. दादाला वाटायचं मी पुसते. एकदा डॉक्टरांसमोर हा विषय निघाला आणि कळलं की आम्ही दोघंही पुसत नाही. डॉक्टर म्हणाले, भूत फुकटात पॉलिश करत असेल तर हरकत घेऊ नका. आम्ही हसलो. पण त्यानंतर त्या खोलीत एकटी बसून रंगवताना मी पाठ डोंगराकडे करायची सोडून दिली.

बुटकी दादा स्वतःच करणार होता. चांगली करायची म्हणून थांबत राहिला, आणि थांबता थांबता त्याचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात कळलं, मग सोल्डरिंग करताना. एक दिवस त्यानं सगळी हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर चढवली. त्या रात्री जेवणात मीठ कमी होतं, त्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो.

तेव्हा एकच माणूस उरला, साचेवाला. हा आणि त्याची बायको दोघं मिळून गॅरेजमध्ये पितळेचे पत्रे कापून, साच्यात भाग ओतून छोट्या इंजिनांची मॉडेलं काढतात. साचेवाल्यानं बुटकी काढायचं कबूल केलं, पण अट घातली. पूर्वी एकदा त्यानं कुणाच्या तरी नकाशावर भरवसा ठेवून एक इंजिन काढलं होतं. नंतर ते बोटभर आखूड निघालं, आणि अजून प्रदर्शनात लोक त्याला "आखूड शेट" म्हणतात. त्याचं म्हणणं एवढंच, की बुटकीचं एक माप मला खात्रीचं द्या, बाकीची मी त्यावरून काढतो.

मापाचीच तर पंचाईत होती. खाणीचे नकाशे कुणी जपले नव्हते. फोटो बाजूनं असल्यामुळे दोन रुळांतलं अंतर दिसत नव्हतं. मोजपट्टी म्हणून फोटोत होतं काय, तर बाबा. हौशी लोक असंच करतात, इंजिनाशेजारी माणूस असला की त्याच्या उंचीवरून इंजिन मोजतात. दादानं आईला फार पूर्वी विचारलं होतं, बाबा केवढे होते. आईनं आपल्या डोक्याच्या जरासा वर हात धरला होता. त्यावरून दादानं अख्खी बुटकी काढली, चिमणीपासून चाकांपर्यंत. फार लहान निघाली. मंडळात त्या लहानपणाचंच कौतुक होतं.

दादाला घाई होती ती आईसाठी. आईला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. दादाला बुटकी तिच्या हातात द्यायची होती, ती आहे तोवर. "डोळ्यांनी नाही तर बोटांनी बघेल," तो म्हणायचा. आईला विचारलं तर ती म्हणायची, आणशील तेव्हा बघू. ती बाहेरच्या खोलीत तिच्या खुर्चीत बसलेली असायची, फोटोकडे पाठ करून. खुर्ची नेहमी तिथंच. शिवणाला खिडकीचा उजेड मिळावा म्हणून, असं मी समजून चालले होते. शिवण सुटून वर्षं झाली. खुर्ची हलली नाही.

त्या वर्षी खाणीचं पाणी फार खाली गेलं आणि एका भंगारवाल्यानं काठाच्या गाळातून चाकांची एक जोडी ओढून काढली. मंडळाचे लोक असल्या गोष्टींना वास लागल्यासारखे जमतात. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर गुडघ्यावर बसून दात घासायच्या ब्रशनं चाक साफ करत होते. चाकाच्या एका आरीला पट्टी मारून जोड दिलेला होता. फोटोत अगदी तसाच जोड आहे, पुढच्या चाकाला, वरून दुसऱ्या आरीवर. आम्हाला तो जोड तोंडपाठ. चाक बुटकीचंच होतं.

दादा चाकाला हात लावेना. मग एकदम लावला आणि काढेना. भंगारवाल्यानं विचारलं, चाक पाहुण्यांच्या नात्यातलं आहे का? मी हो म्हटलं.

मग दादानं पट्टी लावली, आणि दुसऱ्यांदा लावली. चाक त्याच्या नकाशातल्या चाकापेक्षा चांगलंच मोठं भरलं. आधी तो म्हणाला, हे आपलं नव्हेच. डॉक्टरांनी त्या जोडावर बोट ठेवलं. मग दादा घरी आला आणि मागच्या खोलीत कागद पसरून नव्यानं मापं काढू लागला. चाकावरून टाकी, टाकीवरून केबिन. सगळं वाढत गेलं. आणि शेवटी अर्थातच शेजारी उभा असलेला माणूसही वाढला.

"धाकटे," दादानं हाक मारली. आवाज असा की मला वाटलं त्याला काही होतंय. "बाबा किती उंच होते माहितीय? माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागलं असतं. आपण त्यांना उगाच खुजं केलं गं."

तो हसत होता. जन्मभर टाचा उंचावून फळीवरचे डबे काढणारा माणूस. मला त्याचं हसू मोडवेना. पण मी रंगवत होते, म्हणजे अंगात बाबांचा कोट होता. मी हात पुढे केले. बाह्या माझ्या मनगटाशी बरोबर संपत होत्या. खांद्याची शिवण माझ्या खांद्यावर.

दादानं बघितलं. "धुऊन आटला असेल."

"कोट कधी धुतलाच नाही," मी म्हटलं. "आई धुऊ देत नाही."

तो नकाशा उचलून बाहेरच्या खोलीत गेला. मी मागोमाग. आई खुर्चीत होती. दादा तिच्यासमोर बसला आणि चाकाची हकिकत सांगू लागला. चाक मिळालं म्हटल्यावर तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला, एवढंच. मग तो उंचीवर आला. बाबा किती उंच, किती भरदार, आपल्या या दारातूनसुद्धा वाकून यावं लागलं असतं इतके, असं बोलत राहिला.

"वाकूनच आला होता तो," आई म्हणाली. "हाच फोटो घेऊन."

मग तिनं सांगितलं. फार थोडं सांगितलं, आणि तेही बाजारहाटाचं सांगावं तशा आवाजात. फोटोतला माणूस खाणीचा मुकादम. कडा भुसभुशीत झालाय, गाडी नेऊ नका, असं दुसऱ्या ड्रायव्हरनं सांगून पाहिलं होतं. मुकादमानं बाबांना एक खेप आणखी मार म्हटलं. बाबा कुणाला नाही म्हणणाऱ्यातले नव्हते. नंतर काही दिवसांनी मुकादम घरी आला, चहा घेतला नाही, फोटो पुढे केला आणि म्हणाला, यात आहे बघा तुमचा माणूस. नव्या यारीचे, म्हणजे क्रेनचे, फोटो काढायला कुणी आलं होतं, त्यानं उरलेल्या फिल्ममध्ये मुकादमाचा एक काढला होता. बाबा आत होते, कामात.

"आत कुठं?" दादानं विचारलं.

"केबिनीत. तुला मी बोट लावून दाखवलं होतं, लहानपणी."

"तिथं डाग आहे, आई. तुझ्या बोटाचाच."

"डाग नाही, बाळा."

मीच विचारलं की मग सांगितलं का नाहीस. जिकडून दादाचा श्वास येत होता तिकडे आईनं तोंड वळवलं.

"माझ्या लक्षात येईपर्यंत तू कमरेवर हात ठेवून उभा राहायला लागला होतास. शेजारीपाजारी म्हणायचे, अगदी बापावर गेलाय. तुला ताठ उभा राहणारा बाप मिळाला होता. तो काढून घेऊन काय देणार होते, एक डाग?"

दादा उठला. सवयीनं त्याचे हात कमरेकडे निघाले आणि मध्येच थांबले. ते तसेच हवेत राहिले, थरथरत, कुठं जावं न कळल्यासारखे. मग त्यानं भिंतीवरचा फोटो काढला आणि मागच्या खोलीत नेला.

एक सांगायला हवं. दादानं तो फोटो पूर्वी कॉम्प्युटरवर घेतला होता, रिव्हेटं मोजता यावीत म्हणून. आणि सगळ्यांत आधी त्यानं काय केलं असेल, तर खिडकीतला तो डाग पुसला. जपून, कण कण करून, कडेचं पितळ न दुखावता. मंडळातल्या सगळ्यांकडे गेलेल्या प्रतींत खिडकी रिकामी आहे. आमच्या घरातल्या त्याच्या प्रतीतही.

आम्ही चौकटीतून मूळ फोटो काढला आणि डॉक्टरांनी दिलेल्या भिंगाखाली धरला. दादाचा हात हलत होता म्हणून भिंग मी धरलं. डागाला कड होती. खांदा होता, कान होता, आणि पुढे गेलेला हात, मुठीत दांडा. तोंड पलीकडे, रुळांकडे. मी रोज नखाएवढी माणसं करते, आणि भिंतीवरचा हा माणूस मला कधी दिसला नव्हता.

"इकडं बघितलंच नाही त्यांनी," दादा म्हणाला.

त्यानंतर बरेच दिवस तो मागच्या खोलीत आला नाही. साचेवाल्याचे निरोप येत राहिले. आई काही विचारत नव्हती. दादानं मिशा काढून टाकल्या तेव्हा मला वाटलं, संपलं, आता बुटकी होत नाही. बिनमिशांचा दादा अनोळखी दिसत होता, आणि खरं सांगायचं तर भिंतीला धरून चालायच्या वयाचा दिसत होता.

त्याच दिवसांत एका दुपारी मी रंग आणायला मागच्या खोलीत गेले तर आई तिथं होती. खुर्ची टेबलाशी ओढून बसलेली. तर्जनी बुटकीच्या रुळावर ठेवून सावकाश सरकवत होती, गिरणीपासून वळणापर्यंत, वळणापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत. तिथं तिचा हात पुरेना. थोडी थांबली आणि बोट उलटं परत आणू लागली. मी पाऊल न वाजवता मागं फिरले आणि दादाला खुणेनं बोलावून आणलं. दारात उभे राहून आम्ही पाहिलं. असं ती किती वर्षं करत होती कोण जाणे.

संध्याकाळी दादानं कोट मागितला. मला वाटलं घालायचा असेल. पण त्यानं तो टेबलावर पसरून खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत मापला, मग आईला उभं करून तिनं पूर्वी दाखवला होता तसा हात तिच्या डोक्यावर धरून पाहिला. त्यावरून बाबांचा खांदा जमिनीपासून किती उंचीवर येईल ते काढलं. मग चाकावरून केबिनीचा तळ काढला, त्यावर खांदा ठेवला. तो बरोबर खिडकीत आला. फोटोतल्या कडेला कड लागली. चाकाचं माप आणि बाबांचं माप एकमेकांना साक्ष देत होतं. साचेवाल्याला खात्रीचं एक हवं होतं, त्याला दोन मिळाली.

बुटकी आली ती एका सकाळी, कापसात गुंडाळून. अंगठ्यापेक्षा जराशी मोठी. केबिनीत बसणारा माणूस मीच घडवला होता. म्हणजे माणूस कसला, एक खांदा, एक कान, दांड्यावरची मूठ. साचेवाल्यानं त्याचाही साचा केला, सगळ्याच इंजिनांत बसवायला. दादानं बुटकी आईच्या तळहातावर ठेवली. आईनं चिमणी पाहिली, टाकी पाहिली, जोड दिलेली आरी नखानं शोधून काढली. मग करंगळीच्या नखाचं टोक खिडकीत घातलं.

"आत आहेत?"

"आहेत," दादा म्हणाला.

तिनं बोट बराच वेळ काढलं नाही. दादा समोर उभा होता, हात खाली सोडून. अजून त्याला ते नीट जमत नाही. चुकीच्या उंचीवर टांगल्यासारखे दिसतात.

पुढे साचेवाल्याचा निरोप आला, की दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केलीय. केबिनच्या खिडकीत काहीतरी डाग दिसतो, ओतकामातला दोष असावा, पुढच्या खेपेला काढून टाकू का? दादानं कळवलं, डाग राहू दे. पैसे परत मागितले तर इंजिन आम्ही घेतो. आतापर्यंत एकच परत आलंय.

फोटो पुन्हा भिंतीवर गेला. एकुलता एक फोटो कापायचा म्हटलं तर दादा आधी स्वतःचं बोट कापेल, म्हणून मुकादम अजून तिथंच आहे, हात कमरेवर ठेवून. आईची खुर्ची मात्र मागच्या खोलीत हलली.

बुटकी पहिल्यांदा चालवायची त्या दिवशी डॉक्टर आले, साचेवाला बायकोला घेऊन आला. दादानं लाइनीच्या टोकाला, खाणीच्या पाण्याआधी, एक ओंडका आडवा घातला होता. खऱ्या लाइनीवर तिथं काही नव्हतं. फोटोत नसलेलं एक रिव्हेट कुणी मारलं तर महिनाभर अबोला धरणारा माणूस, पण त्या ओंडक्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आई बोगद्याच्या तोंडाशी रुळावर बोट ठेवून बसली होती.

सुरू करण्याआधी दादा म्हणाला, धाकटे, बोगद्यातले रूळ काळे पडले असतील, तेवढे पुसून घे. डोंगर चिकटवला त्यानंतर तिथं कुणाचा हात गेलेला नाही. मी काठीला फडकं गुंडाळलं, टेबलाखालून पलीकडे गेले, गाल फळीला टेकवून आत बॅटरी मारली.

रूळ लख्ख होते. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, थेट ओंडक्याच्या पायापर्यंत. कडेला धुळीचा थर होता, कोळ्याचं जाळं होतं, आणि मधून दोन चकचकीत रेघा गेल्या होत्या.

"काय गं, फार काळे आहेत का?" पलीकडून दादानं विचारलं.

मी बॅटरी विझवली. फडकं कोऱ्याचं कोरं होतं. ते मी कोटाच्या खिशात घातलं.

"नाहीत," मी म्हटलं. "सोड गाडी. सावकाश."